डेल्टातला एक दिवस: गाईडसोबत फ्लाय रॉडवर लार्जमाउथ बास

कोकणात गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात. खाडीच्या पुलावर बसून, गरीला कोळंबीचा तुकडा लावून मी लहानपणी पुष्कळ गरवलं आहे. कॅलिफोर्नियात आल्यावर तोच हात घेऊन पहिल्यांदा गाईडच्या बोटीत उभा राहिलो आणि पहिल्या तासाभरात तीन चांगले बास, म्हणजे इथले गोड्या पाण्यातले शिकारी मासे, घालवले. तिन्ही वेळा कारण एकच. मासा लागला की रॉड वर खेचायचा, ही लहानपणापासून अंगात मुरलेली सवय. ती कशी मोडायची ते पुढे सविस्तर सांगतो. पण त्या दिवशी एक गोष्ट कायमची समजली: गाईड तुम्हाला माशापर्यंत नेतो, तिथून पुढचे चाळीस फूट तुमचे असतात. त्या चाळीस फुटांची तयारी घरूनच करून गेलात तर दिवसाचे पैसे वसूल होतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला सॅक्रामेंटो आणि सान वाकीन या नद्या एकमेकींना मिळतात. तिथे फाटे, कालवे, बेटं आणि बुडालेली शेतं यांचं जे जाळं आहे तो कॅलिफोर्नियाचा डेल्टा. एकोणिसाव्या शतकात दलदलीला बांध घालून इथे शेती काढली. कोकणातलं खाजण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको. बांध टिकला तर पीक, फुटला तर सगळं पाण्यात. फ्रँक्स ट्रॅक्ट नावाचा भाग १९३० च्या दशकात असाच बांध फुटून बुडाला, पुन्हा कोरडा केलाच नाही, आणि आज तो बासचा नावाजलेला पट्टा आहे. पाणी गोडं, पण समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा इथवर पोचते. बे एरियातल्या मराठी घरांपासून हे तास-दीड तासाच्या अंतरावर आहे, म्हणून मी उदाहरण याच पाण्याचं घेतोय. टेक्सास-फ्लोरिडातल्या तळ्यावर जाणार असाल तर भरतीचा भाग सोडून द्या, बाकीचं बहुतेक तिथेही चालेल.

आधी मासा ओळखा

लार्जमाउथ बास मूळचा अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला. कॅलिफोर्नियात तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणून सोडला. १९५९ मध्ये फ्लोरिडातली जास्त वाढणारी जात सॅन डिएगोजवळ आणली आणि ती पुढे राज्यभर पसरली. हिरवट अंग, कुशीवरून शेपटीपर्यंत गेलेला काळपट पट्टा, आणि डोळ्याच्याही मागे गेलेला जबडा, ही त्याची खूण. डेल्टात दीड-दोन पौंडांचे मासे नेहमीचे, पाच पौंडांचा लागला तर दिवस सोन्याचा, आणि दहा पौंडांच्या वरचेही इथे निघालेले आहेत.

स्वभाव समजायला आपल्याकडची मरळ आणि जिताडा आठवा. मरळीसारखा हा आडोशाला दबा धरून बसतो, बेडकावर तुटून पडतो, आणि अंड्या-पिल्लांची राखण करतो. हे राखणीचं काम बासमध्ये नर करतो. जिताड्यासारखा तो तोंडाची गुहा उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. म्हणजे तो चावत नाही, गिळतो. ओढलेल्या पाण्याबरोबर तुमची फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेलं नकली भक्ष्य, आत जायला क्षणभर वेळ लागतो, आणि माझे तीन मासे गेले ते नेमक्या त्या क्षणात.

गाईड कधी आणि कसा ठरवायचा

पाणी १३ अंश सेल्सियसच्या पुढे तापायला लागलं की बास खोल पाण्यातून काठाकडे सरकतात, आणि १६ ते १८ अंशांच्या सुमाराला अंडी घालतात. डेल्टात हे साधारण मार्च ते मे. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा काळ सुचवेन: मासा उथळ पाण्यात असतो, सकाळी पृष्ठभागावर खातो, आणि बहुतेकांचं घरटं सांभाळून झालेलं असतं. घरट्यावर बसलेल्या नराला छेडून पकडणं सोपं असतं, पण तो उचलला की मागे अंड्यांवर ब्लूगिल नावाचे छोटे मासे तुटून पडतात. कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवून सांगतो, मला ते पटत नाही. घरट्यावरचा मासा दिसला तर मी गाईडला बोट पुढे न्यायला सांगतो.

गाईडशी फोनवर बोला, नुसत्या मेसेजवर ठरवू नका. दोन गोष्टी स्पष्ट विचारा: राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचा गाईड परवाना आहे का, आणि कोस्ट गार्डचं कॅप्टनचं लायसन्स आहे का. पैसे घेऊन अशा पाण्यात माणसं न्यायची तर दोन्ही लागतात. असं विचारण्यात उद्धटपणा नाही, चांगला गाईड आनंदाने सांगतो. मी एकदा स्वस्तात मिळतंय म्हणून काही न विचारता गेलो. बोटीत माझ्या मापाचं लाइफ जॅकेट नव्हतं, आणि दुपारच्या वाऱ्यात परतीचा अर्धा तास जीव मुठीत धरून काढला.

तो खरोखर फ्लाय रॉडवाल्यांना नेतो का, हेही विचारा. बासचे बरेच गाईड साध्या स्पिनिंग रॉडचे असतात. त्यांची बोट ज्या अंतरावर उभी राहते ते अंतर आपल्याला झेपत नाही, आणि मागे लाइन उडायला जागा लागते हे त्यांच्या ध्यानात येत नाही. रॉड-रील-फ्लाय त्याच्याकडच्या मिळतील का, जेवण कोणाचं, एकाऐवजी दोघं आलो तर दर किती, तेही आधीच ठरवून घ्या. पूर्ण दिवसाचा खर्च पाचशे डॉलरच्या वरच जातो, शिवाय १५ ते २० टक्के टिप देण्याची पद्धत आहे, म्हणून जोडीला मित्र असलेला बरा. बायको-मुलांना नेणार असाल तर बोटीवर शौचालय नसतं हे गृहीत धरा आणि मधे कुठल्या मरीनावर, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, थांबता येईल ते आधीच विचारा.

स्वतःचा परवाना विसरू नका. १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला तो लागतो. वर्षाचा परवाना घेतल्या तारखेपासून ३६५ दिवस चालतो, एका दिवसाचाही मिळतो. भारतातून आलेले वडील नुसते बोटीत बसणार असतील तर प्रश्न नाही. पण त्यांनी रॉड हातात घेतला की त्यांनाही परवाना हवा, आणि तो क्षण येतोच, तेव्हा आधीच काढून ठेवा.

रॉड, लाइन आणि फ्लाय

साध्या गरीत वजन शिशाचं असतं, ते उडतं आणि दोरी मागून जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, वजन असतं लाइनला. लाइन उडवायची, फ्लाय तिच्यामागून जाते. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

बाससाठी ९ फुटी, ८ वेटचा रॉड घ्या. ८ वेट म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन सुमारे २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. ट्राउटचा ५ वेटचा रॉड घरात असेल तर तो घरीच राहू दे. कोंबडीच्या अंड्याएवढा पिसांचा बेडूक वाऱ्यात फेकायला आणि लागलेला मासा वनस्पतीतून बाहेर काढायला तो पुरत नाही. लाइन तरंगणारी, पुढचा भाग आखूड आणि जाड असलेली, बाससाठी म्हणूनच विकतात ती. दुसऱ्या रीलवर हळू बुडणारी इंटरमिजिएट लाइन असली तर दुपारी उपयोगी पडते.

लीडर, म्हणजे जाड लाइन आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक धागा, साडेसात ते नऊ फूट; त्याचा शेवटचा बारीक तुकडा, टिपेट, १२ ते १६ पौंडांचा ताण सोसणारा. बास धाग्याला लाजत नाही, बारीक धागा वापरून काही मिळत नाही. तरंगत्या फ्लायला साधा नायलॉनचा धागा बांधा, कारण फ्लोरोकार्बनचा धागा बुडतो आणि फ्लायचं नाक खाली खेचतो. फ्लाय बांधायला न सरकणारी लूपची गाठ शिका. फ्लाय त्या फासात मोकळी हलते आणि जिवंत वाटते.

फ्लाय फार नकोत. पॉपर, म्हणजे सपाट किंवा खोलगट तोंडाचा, ओढला की ‘पॉप’ असा आवाज करणारा. लॅरी डालबर्ग यांची डायव्हर, जी ओढली की बुडी मारते आणि सोडली की वर येते, अगदी बेडकासारखी. बॉब क्लाउझर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीच्या स्मॉलमाउथ बाससाठी बांधलेली क्लाउझर मिनो, जड डोळ्यांमुळे डोकं खाली करून बुडणारी. आणि एखादी तांबूस-तपकिरी क्रॉफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडासारख्या प्राण्याची. पृष्ठभागावरच्या फ्लायना गळापुढे धाग्याचा आडोसा असू द्या, नाहीतर प्रत्येक कास्टला, म्हणजे फेकीला, पालापाचोळाच हाताशी येईल. गळाचा काटा पकडीने दाबून टाका. मासा सोडायला सोपं, आणि स्वतःच्या कानात रुतला तर काढायलाही.

पोलराइज्ड गॉगल आणि टोपी सक्तीची समजा. डोळा एकदा गेला की परत येत नाही. डास पळवायचं डीईईटीवालं औषध तळहातांना लागू देऊ नका, त्याने लाइनचं आवरण विरघळतं.

दोन आठवडे आधी, गवतावर

जवळच्या पार्कात जा. फ्लायच्या जागी लोकरीचा गोंडा बांधा. चाळीस फुटांवर घरची परात ठेवा आणि त्या परातीत गोंडा पडेपर्यंत टाकत राहा. रोज वीस मिनिटं पुरतात.

रॉड मागे न्या, झटकन थांबवा, लाइन मागे सरळ होऊ द्या, मगच पुढे आणा आणि पुन्हा झटकन थांबवा. नवशिक्याची नव्वद टक्के गडबड मागच्या थांब्यात असते. मागची लाइन सरळ व्हायच्या आत तो पुढे ढकलतो आणि सगळं पायाशी कोसळतं. मान वळवून मागे बघा, लाज वाटू देऊ नका. जड पॉपर हवा अडवतो, तेव्हा लय संथ ठेवा. हवेत उगाच पुढे-मागे उडवत बसू नका. दोन फेऱ्यांत लाइन पाण्यावर टाकता आली पाहिजे, कारण बोट सरकत असते आणि जागा निघून जाते.

दुसरा सराव डाव्या हाताचा, आणि माझ्या मते हा कास्टपेक्षा महत्त्वाचा. रॉड उजव्या हातात, टोक जमिनीला टेकलेलं, लाइन उजव्या तर्जनीखाली. डाव्या हाताने तर्जनीमागून लाइन ओढा. कधी बोटभर, कधी हातभर. मग मित्राला दुसऱ्या टोकाला उभं करा आणि गोंड्याला झटका द्यायला सांगा. झटका लागला की रॉड उचलायचा नाही. डावा हात सरळ मागे, लांब आणि दमदार. यालाच स्ट्रिप करून गळ रुतवणं म्हणतात. हे शंभरदा करा. माझी सवय मोडायला आठवडा लागला.

पहाट

उजाडायच्या आत मरीनावर पोचा. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून आत शिरणारा वारा, ज्याला इथे डेल्टा ब्रीझ म्हणतात, जोर धरतो. तरंगत्या फ्लायचं काम त्याच्या आत उरकायचं. पहाटे गारठा असतो, अंगावर दोन कपडे जास्त घाला, नंतर काढता येतात.

निघण्यापूर्वीच गाईडला खरं सांगा: किती फूट टाकता येतं, डावखुरे आहात का, पोहता येतं का. थापा मारलेल्या गिऱ्हाइकासाठी तो बोट चुकीच्या अंतरावर ठेवणार, आणि नुकसान आपलंच. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले असं समजून तो दिशा सांगेल. “दहा वाजता, पस्तीस फूट, टुलीचा कोपरा” असं ऐकलं की डावीकडे तिरकं पुढे टाकायचं. टुली म्हणजे काठाने वाढलेली उंच लव्हाळ्यासारखी वनस्पती. पायाशी पडलेली लाइन तपासत राहा. मी बूट काढून मोज्यांवर उभा राहतो, म्हणजे लाइनवर पाय पडला की लगेच कळतं.

आता त्या कोपऱ्याकडे जरा जवळून पाहा. टुलीची चार हिरवी दांडकी पाण्यातून वर आली आहेत, एकावर चतुर बसलाय. दांडक्यांच्या बुडाशी पाणी काळं दिसतं, बाहेर हातभर अंतरावर उजळ. पिवळा पॉपर त्या काळ्या-उजळाच्या सीमेवर पडला. गोल लाटा उठल्या, दांडक्यांना लागून परतल्या. इथे प्रत्येकाचा हात शिवशिवतो. ओढू नका. शेवटची लाट विरेपर्यंत थांबा, आणि विरल्यावरही थोडं. मग एक छोटी ओढ, ‘पॉप’. पुन्हा थांबा. रबराचे पाय स्थिर पाण्यातही हलत असतात, तेवढं त्याला पुरतं. दुसरी ओढ. पॉपरच्या मागचं पाणी किंचित फुगतं, एक दांडकं वाऱ्याशिवाय हलतं, आणि जिथे पॉपर होता तिथे खड्डा पडतो.

त्या आवाजावर हात हलवायचा नाही. मी मनात ‘विठ्ठल’ म्हणतो, तेवढा वेळ पुरतो. लाइन ताणली, वजन हाताला जाणवलं, की डावा हात सरळ मागे. रॉड खालीच. अजून एकदा ओढा, कारण बासचं तोंड हाडकं आणि कडक असतं. मग रॉड बाजूला झुकवून त्याला टुलीपासून उघड्या पाण्याकडे वळवा. पहिले पाच सेकंद निर्णायक, आत शिरला की दांडक्यांना लाइन गुंडाळतो. उडी मारायला लागला तर रॉडचं टोक पाण्यालगत आणा. हवेत डोकं झटकूनच तो गळ फेकून देतो.

मासा फ्लायवर आला पण न लागता निसटला, तर लगेच तिथेच दुसरी फ्लाय मारू नका. थोडं थांबा, गाईडला विचारा, बारीक किंवा बुडणारी फ्लाय त्याच जागी द्या. चिडलेला मासा बऱ्याचदा परत येतो.

ऊन चढल्यावर

आठ-नऊ वाजता पृष्ठभाग शांत होतो आणि लोक हिरमुसतात. माझ्या अनुभवात दिवसाचं खरं शिक्षण इथून सुरू होतं, कारण आता पाणी वाचावं लागतं. भरती पूर्ण असताना मासा टुलीच्या आतल्या भागात, जिथे फ्लाय पोचत नाही तिथे पसरतो. ओहोटी लागली की आतलं पाणी बाहेर येतं, त्याबरोबर बारीक मासे आणि क्रॉफिश बाहेर पडतात, आणि बास काठावर, फटींच्या तोंडाशी येऊन बसतो. आपल्या खाडीत उपसतं पाणी जसं नाल्यांच्या तोंडाशी मासा आणून ठेवतं तसंच. फक्त वेळापत्रक त्या जागेचं बघायला हवं. गोल्डन गेटची भरती डेल्टात आत पोचेपर्यंत कित्येक तास जातात.

आता इंटरमिजिएट लाइन आणि क्लाउझर. फटीच्या तोंडाच्या जरा वरच्या अंगाला टाका, मनात पाच मोजा, मग ओढा आणि सोडा. ओढलं की वर, सोडलं की डोकं खाली. मासा बहुतेक वेळा पडतानाच घेतो. झटका येत नाही, लाइन नुसती जड वाटते किंवा थोडी बाजूला सरकते. शंका आली की डावा हात मागे. फुकट ओढलं तर काही बिघडत नाही.

पुण्याच्या नद्यांवर जी जलपर्णी आपण पाहतो, तीच इथेही आहे आणि इथेही डोकेदुखीच आहे. राज्य सरकार दरवर्षी तिच्यामागे लागतं. पण तिच्या तरंगत्या गादीच्या कडेखाली सावली असते आणि बासला सावली हवी असते. कडेशी समांतर टाका म्हणजे फ्लाय सगळा वेळ सावलीलगत राहते.

वारा उजव्या खांद्यावर यायला लागला आणि तुम्ही उजव्या हाताने टाकत असाल, तर गळ थेट डोक्याकडे येतो. गाईडला सांगून बोट फिरवून घ्या. न फिरवता नेट लावणारे लोक मी इमर्जन्सीत पोचलेले पाहिले आहेत.

मासा हातात आल्यावर

हात ओला करा. अंगठा खालच्या ओठात, बोटं बाहेरून. त्याचे दात किसणीसारखे बारीक असतात, चांगल्या दिवसानंतर अंगठ्याची साल निघालेली असते. मोठा मासा एका जबड्यावर लटकवू नका, जबडा निखळतो; दुसरा हात पोटाखाली द्या. फोटोची तयारी आधी, मग मासा पाण्याबाहेर. आपल्याला आरामात श्वास रोखता येईल तेवढाच वेळ. पाण्यात आडवा धरा, स्वतःच्या जोराने निघाला की सोडा.

डेल्टात रोज ५ बास, प्रत्येकी किमान १२ इंच, ही मर्यादा आहे. त्या वर्षीचे नियम मात्र निघण्यापूर्वी तपासा. मी सोडतो. बास खायला चांगला असतो, पण सोन्याच्या खाणींच्या काळात सिएरा डोंगरांत वापरलेला पारा नद्यांतून इथे वाहून आला, आणि शिकारी माशाच्या अंगात तो साठत जातो. कोणी किती खावं याच्या सूचना राज्य सरकार प्रसिद्ध करतं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी त्या जास्त कडक आहेत. फ्राय पॅन गरम करण्याआधी वाचा.

परतताना

बोट धक्क्याला लागायच्या आत गाईडला विचारा: आज इथे का आलो, तिथे का नाही गेलो, उद्या ओहोटी अकराला असती तर कुठून सुरुवात केली असती? दिवसभरात सगळ्यात मोलाचं काही मिळालं असेल तर ते या उत्तरांत असतं. त्याच्या खास जागा मागू नका आणि फोटोसोबत ठिकाण टाकू नका, त्याचं पोट त्यावर आहे.

घरी आल्यावर लाइन कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, फ्लाय डबीत बंद न करता रात्रभर उघड्यावर वाळवा, नाहीतर गळ गंजतात. मग जेवण्याआधी वही काढा. तारीख, ओहोटीची वेळ, पाण्याचं तापमान, फ्लाय, जागा. पुढच्या वेळी बांधावरून एकट्याने टाकायला जाल तेव्हा हीच वही कामाला येते. माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: २३ मे, ओहोटी लागून दीड तास, पाणी १९ अंश, टुलीचा आतला कोपरा, पिवळा पॉपर, तिसऱ्या ओढीला.